देव मानणं तर्काला धरून आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तत्त्वज्ञान शिकवते. संध्याकाळी वाचनालयात आम्ही काही जण बसतो. कास्तकार, शिक्षक, आशाताई, कॉलेजची पोरं, कधी एखादे कीर्तनकारही असतात. तिथे आणि मोबाइलवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न ज्यांनी विचारले त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. सगळं पान एका बैठकीत वाचायची गरज नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. “देव आहे का?” आणि “देव मानणं तर्काला धरून आहे का?” हे दोन्ही एकच नाही का?

नाही, आणि निम्मे वाद इथेच भरकटतात. एका कास्तकाराने हवामान खात्याचा अंदाज पाहिला, जमिनीतली ओल तपासली आणि मगच पेरलं. पुढे पाऊस दडी मारून बसला आणि दुबार पेरणी करावी लागली. त्याचा अंदाज चुकला, पण निर्णय अविचारी नव्हता. दुसऱ्याने शेजाऱ्याचं पाहून कोरड्यात पेरलं आणि त्याला पाऊस लागला. त्याचा अंदाज खरा ठरला, तरी त्यामागे विचार नव्हता. श्रद्धेचंही असंच आहे. देव असला तरी कोणी त्याला वाईट कारणांसाठी मानत असेल. देव नसला तरी एखाद्याने उपलब्ध कारणं नीट तोलून त्याला मानलेलं असू शकतं. या पानावर मुख्यतः दुसरा प्रश्न आहे: हाताशी जी कारणं आहेत ती पाहता मानणं, न मानणं किंवा थांबून राहणं, यातलं काय योग्य ठरतं?

२. पण कोणता देव? आमच्या गावात मारोती आहे, मरीआई आहे, विठ्ठल आहे, दर्गा आहे, पलीकडे बुद्धविहार आहे.

हे आधी ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. विदर्भाला हा भेद नवा नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार वेगळे पदार्थ सांगितले. रिद्धपूर ज्यांचं मोठं तीर्थ आहे, त्या महानुभाव पंथात देवता म्हणजे परमेश्वर नव्हे. देवता फळ देतील, मोक्ष देणार नाहीत. शंकराचार्यांच्या अद्वैतात जग चालवणारा ईश्वर व्यवहाराच्या पातळीवर आहे, अंतिम सत्य निर्गुण ब्रह्म आहे. गोंड समाजाचा फडापेन या दोन्ही चौकटींत बसवायला गेलं तर त्यांच्यावर अन्याय होतो.

तत्त्वज्ञानातल्या बहुतेक युक्तिवादांचा रोख एकाच कल्पनेवर असतो: जाणीव असलेला, जग घडवणारा किंवा चालवणारा, सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि दयाळू ईश्वर. वेगळं सांगितलं नसेल तिथे या पानावर “देव” म्हणजे हाच. तुमचा देव यापेक्षा वेगळा असेल तर काही आक्षेप त्याला लागू होणार नाहीत. काही पुरावेही मग त्याच्या कामाचे राहणार नाहीत.

३. पुरावा कोणी द्यायचा? मानणाऱ्याने की न मानणाऱ्याने?

जो दावा करतो त्याने. बर्ट्रांड रसेलने १९५२ साली किटलीचं उदाहरण दिलं होतं. पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये एक चिमुकली चिनी मातीची किटली सूर्याभोवती फिरते आहे असं मी म्हटलं, तर “नाही हे सिद्ध करा” असं म्हणून मला सुटका करून घेता येणार नाही. हे मला पटतं. मात्र “देव नाहीच, विषय संपला” हाही दावाच आहे, आणि त्यालाही कारणं लागतात. “मला पुरेशी कारणं दिसत नाहीत म्हणून मी मानत नाही” असं म्हणणाऱ्यावर हा भार बराच कमी आहे.

४. घर आहे म्हणजे गवंडी आहे. मग एवढं जग आहे तर त्याचा कर्ता असणारच ना?

मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो आपल्याकडे फार जुना आहे. न्यायदर्शनाने, म्हणजे तर्कशास्त्रावर भर देणाऱ्या आपल्या जुन्या दर्शनाने, याचं रीतसर अनुमान मांडलं: पृथ्वी वगैरे गोष्टींना कर्ता आहे, कारण त्या कार्य आहेत, म्हणजे उत्पन्न झालेल्या आहेत, घटासारख्या. दहाव्या शतकाच्या अखेरीस मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हा युक्तिवाद सर्वांत ताकदीने उभा केला. परमाणू एकत्र येतात, जग टिकून राहतं, पिढ्यान्‌पिढ्या कौशल्यं चालत येतात, या सगळ्यांतून त्यांनी एक ज्ञानी कर्ता दाखवायचा प्रयत्न केला.

यावर आक्षेप घेणारेही आपलेच. वेदांतल्या विधींचा अर्थ लावणारं दर्शन म्हणजे मीमांसा. त्यातले कुमारिल भट्ट वेदांचे कट्टर समर्थक. तरी ते म्हणाले की जग कधीकाळी नव्हतं आणि मग झालं, हेच मुळात कोणी दाखवलेलं नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींचा आक्षेप मला फार धारदार वाटतो. मातीपासून कुंभार घट करतो एवढ्यावरून मातीचं जे जे काही दिसेल ते कुंभाराने केलं म्हणाल, तर वारूळही कुंभारानेच केलं म्हणावं लागेल. घट पाहून कुंभार आठवतो, कारण कुंभाराला घट करताना आपण पाहिलेलं असतं. डोंगर करताना कोणालाच पाहिलेलं नाही. शिवाय पाहिलेल्या कुंभाराला शरीर असतं, तो चुकतो, आणि मोठ्या वाड्यामागे एक नव्हे, अनेक कारागीर असतात. मग या उदाहरणातून एकच, अशरीरी, सर्वज्ञ कर्ता कसा निघणार?

उदयनांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की आपलं मन शरीराला हलवतं तेव्हा मनाला दुसरं शरीर लागत नाही, तेव्हा कर्त्याला शरीर हवंच ही अट पक्की नाही. पण रामानुजाचार्यांसारखे परमभक्तही श्रीभाष्यात म्हणतात की ईश्वर अनुमानाने सिद्ध होत नाही, तो शास्त्रावरूनच कळतो. भक्तानेच हे अनुमान नाकारावं, यावरून ते किती अडचणीचं आहे ते दिसतं. स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमचे याच जातीचे आक्षेप त्याच्या मृत्यूनंतर १७७९ साली छापून आले. प्राण्यांच्या शरीरातली चपखल रचना हा कर्त्याचा पुरावा असल्याचं लोक म्हणत. १८५९ साली डार्विनने त्याच रचनेचं दुसरं स्पष्टीकरण दिलं. तेव्हापासून गवंड्याचा युक्तिवाद सजीवांच्या बाबतीत तरी फार लंगडा झाला आहे.

५. मग जगाला सुरुवात कशी झाली? महास्फोटाच्या आधी काय होतं? आणि देवाला कोणी घडवलं?

अरबी परंपरेत अल-गझालीने (मृत्यू ११११) मांडलेला युक्तिवाद असा: ज्याला सुरुवात आहे त्याला कारण आहे, जगाला सुरुवात आहे, म्हणून जगाला कारण आहे. “देवाला कोणी घडवलं?” हा प्रश्न इथे लागू पडत नाही. ज्याला सुरुवात आहे त्याच्यापुरतंच विधान आहे, आणि देवाला सुरुवात नाही असं मानणाऱ्याचं म्हणणं असतं. आमच्या बैठकीतल्या पोरांना हा प्रश्न टाकला की वाद जिंकला असं वाटतं. तसं होत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: अनादी काहीतरी मानायचंच असेल, तर जगालाच अनादी का मानू नये? जैन आणि मीमांसक तेच मानतात.

महास्फोटाचा सिद्धांत सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या अतितप्त, अतिघन अवस्थेपासून विश्व कसं पसरत गेलं ते सांगतो. त्या अवस्थेच्या “आधी” या शब्दाला काही अर्थ आहे का, यावर भौतिकशास्त्रज्ञांचं एकमत नाही. विश्व प्रसरण पावतं आहे ही कल्पना १९२७ साली मांडणारा जॉर्ज लमेत्र हा स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ साली पोपने या सिद्धांताला सृष्टीनिर्मितीच्या श्रद्धेशी जोडलं तेव्हा ते लमेत्रला रुचलं नाही. भौतिकशास्त्राच्या सिद्धांतावर श्रद्धा टांगू नये असं त्याचं मत होतं. तो सिद्धांत उद्या बदलला तर?

याहून खोल प्रश्न जर्मन तत्त्वज्ञ लाइबनित्सचा आहे: काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? विश्व अनादी असलं तरी हा प्रश्न उरतोच. “देव आहे म्हणून” हे एक उत्तर झालं. “ते तसंच आहे, यापुढे कारण नाही” हे दुसरं. दोन्ही उत्तरं कुठेतरी जाऊन थांबतात.

६. देव या कल्पनेतूनच देव सिद्ध होतो असं कोणीतरी म्हटलंय म्हणे?

अकराव्या शतकातल्या अँसेल्मने. ज्याहून श्रेष्ठ काही कल्पिताच येत नाही तो देव. नुसत्या कल्पनेत असण्यापेक्षा प्रत्यक्ष असणं श्रेष्ठ, म्हणून देव आहेच. त्याच्याच काळातल्या गाउनिलो नावाच्या साधूने लगेच विचारलं, मग ज्याहून सुंदर बेट कल्पिता येत नाही असं बेटही आहेच का? पुढे १७८१ साली कांटने दाखवलं की “असणं” हा इतर गुणांसारखा गुण नाही. आजच्या तर्कशास्त्रात याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आहेत, पण ज्याला आधीच पटलेलं नाही अशा कोणाला त्यामुळे पटल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

७. आमच्या संतांनी देव अनुभवला. तो अनुभव पुरावा नाही का?

अनुभवणाऱ्यासाठी आहे. ऐकणाऱ्यासाठी कमी. रिचर्ड स्विनबर्न या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं म्हणणं असं की एखादी गोष्ट आपल्याला जशी भासते तशी ती आहे असं मानणं रास्त असतं, जोवर संशयाला ठोस कारण मिळत नाही. नाही तर डोळ्यांवरही भरवसा ठेवता येणार नाही. तेव्हा शेगावी समाधीपुढे किंवा पंढरीच्या वाटेवर कोणाला जे जाणवलं, ते त्याने सहज उडवून लावावं असं मी म्हणणार नाही.

अडचण अनुभवांच्या गर्दीत आहे. नागपूरला ताजबागेत, ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यात, बसलेल्या माणसाचा अनुभव आणि विपश्यनेला बसलेल्या बौद्धाचा अनुभव, दोन्ही तेवढेच गाढ असतात. पण दुसऱ्याला त्यातून ईश्वर भेटत नाही. सगळे एकाच गोष्टीकडे बोट दाखवत असते तर पुरावा भक्कम झाला असता. तसे ते दाखवत नाहीत. उपास, जागरण, शोक यांचाही मनावर परिणाम होतोच.

अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) मला इथे फार मोलाचे वाटतात. तान्हेपणीच दृष्टी गेलेला, कुणब्याच्या घरचा हा माणूस थोर भक्त होता. पण “मला अनुभव आहे, तुम्ही गप्प बसा” असं त्यांनी म्हटलं नाही. डार्विन आणि स्पेन्सर यांची मतं इतरांकडून वाचून घेऊन ते त्यांच्याशी मुद्द्यांनी भांडले. डार्विनविरुद्धचं त्यांचं म्हणणं मला पटत नाही. तरी भक्ताने वाद कसा करावा याचा याहून चांगला नमुना आपल्या भागात मला माहीत नाही.

८. मी नवस केला अन् पाऊस आला. मंग हा पुरावा नाई त काय?

नवस केला आणि पाऊस आला नाही, असं किती वेळा झालं तेही मोजावं लागेल. विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्याला पोचतो. तो लांबला की गावात धोंडी निघते, मारोतीला जलाभिषेक होतो, मशिदीत दुआ होते. म्हणजे हे सगळं नेमकं अशा वेळी घडतं जेव्हा पाऊस एरवीही आज ना उद्या येणारच असतो. आल्यावर नवस लक्षात राहतो. न आल्यास “काहीतरी चुकलं असेल” म्हणून तो मोजणीतूनच बाहेर जातो. चूकच होऊ शकत नाही असा हिशोब पुरावा म्हणून चालत नाही.

बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीबद्दलही मला विचारतात. अक्षय्य तृतीयेला धान्यं मांडायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती कशी हलली ते पाहून पाऊस-पिकांचं भाकीत करायचं, ही तिथली परंपरा. तिचा मान राखूनही ती तपासता येते. भाकीत त्याच दिवशी शब्दशः लिहून ठेवा. “साधारण” म्हणजे किती मिलिमीटर ते आधी ठरवा. हंगामानंतर लागलेले आणि चुकलेले दोन्ही मोजा, आणि नाणं उडवून किती लागले असते त्याच्याशी ताडून बघा. तपासता येण्यासारखा दावा तपासूनच मानावा.

एक खबरदारी. नवस फसले किंवा भाकितं चुकली म्हणून प्रश्न २ मधला ईश्वर खोटा ठरत नाही. तो नवसाला बांधलेला आहे असं त्याच्या सगळ्याच भक्तांचं म्हणणं नाही.

९. देव हाय त मंग कास्तकाराच्या वाट्याले हे काहून?

माझ्या मते ईश्वराविरुद्धचा हा सगळ्यात भक्कम युक्तिवाद आहे, आणि तो पुस्तकातून नव्हे, शेताच्या धुऱ्यावरून येतो. रीतसर मांडायचा तर असा: देव सर्वज्ञ असेल तर त्याला दुःख ठाऊक आहे. सर्वशक्तिमान असेल तर तो ते थांबवू शकतो. दयाळू असेल तर थांबवू इच्छितो. तरीही दुःख आहे. १९५५ साली जे. एल. मॅकी यांनी म्हटलं की ही चारही विधानं एकत्र खरी असूच शकत नाहीत.

पहिलं उत्तर स्वातंत्र्याचं. माणसाला खरंखुरं स्वातंत्र्य द्यायचं तर वाईट वागायची मुभाही द्यावीच लागते. आल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ साली हे इतकं काटेकोर मांडलं की मॅकींच्या “असूच शकत नाही” या टोकाच्या दाव्यावर ते उत्तर पुरेसं आहे असं बहुतेक तत्त्वज्ञ मानतात. सावकाराचं व्याज, पडलेले भाव, बोगस बियाणं ही माणसांची करणी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यातही माणसांच्या चुका आणि बेपर्वाई होती असं म्हणता येईल. पण त्याच हंगामात गुलाबी बोंडअळी आली. तिला कोणाचं स्वातंत्र्य कारण होतं? गारपीट, वीज, रात्री ओलिताला गेलेल्या माणसाला डसलेला साप, यांना हे उत्तर पोचत नाही.

दुसरं उत्तर: दुःखातून माणूस घडतो. काही जण घडतात, हे मी नाकारत नाही. पण मेळघाटात कुपोषणाने तान्हं मूल जातं, तेव्हा ते कशासाठी घडलं? त्याच्या मरणातून इतरांनी घडायचं असेल, तर त्या मुलाला साधन म्हणून वापरल्यासारखं झालं. विल्यम रो यांनी १९७९ साली जंगलातल्या वणव्यात भाजून दिवसेंदिवस तडफडत मरणाऱ्या हरणाच्या पाडसाचं उदाहरण दिलं. ते कोणी पाहिलेलं नाही, त्यातून कोणी काही शिकलेलं नाही. अशा एकाही दुःखाला पुरेसं कारण दिसत नसेल, तर तसं कारण बहुधा नाहीच, असं ते म्हणतात. “बहुधा” हा शब्द इथे महत्त्वाचा. देव अशक्य आहे असा त्यांचा दावा नाही, असण्याची शक्यता कमी होते एवढाच आहे.

तिसरं उत्तर लोक सगळ्यात जास्त देतात: देवाची कारणं आपल्याला कळणार नाहीत. तर्कदृष्ट्या हे तीनांत सर्वांत टिकाऊ आहे, कारण सर्वज्ञाचं मन आपल्याला दिसावं अशी अपेक्षाच गैर. पण त्याची किंमत मोजावी लागते. ज्याला त्याची कारणं कळत नाहीत त्याला चांगल्या पावसाकडे बोट दाखवून “ही त्याची कृपा” असंही म्हणता येणार नाही. आणि प्रत्येक दुःखामागे एखादं मोठं भलं दडलेलं असेल, तर ते दुःख थांबवताना आपला हात का अडखळू नये? मानणाऱ्यांपैकी फार थोडे ही किंमत मोजायला तयार होतात.

१०. पूर्वजन्माचं कर्म मानलं की हा प्रश्न सुटत नाही का?

ब्रह्मसूत्रात हा आक्षेप आणि हे उत्तर दोन्ही आहेत (२.१.३४–३५). कोणाला सुख, कोणाला दुःख देणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो, असा पूर्वपक्ष आहे. शंकराचार्य म्हणतात, ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सगळ्यांना सारखाच, भात उगवायचा की जव हे बीजावर ठरतं, आणि बीज म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. पहिलं कर्म कुठून आलं? तर संसार अनादी आहे.

उत्तर सुबक आहे, पण त्यात मला दोन मोठ्या अडचणी दिसतात. एक, फळ जर कर्मानेच ठरत असेल तर ईश्वराचं काम उरतं काय? जैन आणि मीमांसक कर्म मानतात आणि ईश्वर सोडून देतात, ते याच वाटेने. दुसरी जास्त गंभीर आहे. ज्या बाईच्या नवऱ्याने गळफास घेतला तिला “तुझंच मागचं काहीतरी” असं सांगितलं जातं. जे तिला आठवत नाही, जे कोणी दाखवू शकत नाही, त्याचा दोष तिच्या माथी येतो. जन्माने आलेली गरिबी आणि अस्पृश्यताही अशीच समर्थनीय ठरवली गेली. डॉ. आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली ती याच कारणासाठी. त्यांचा हा आक्षेप मी पूर्णपणे मानते.

११. मानून ठेवलं त काय बिघडते? असला त फायदा, नसला त तोटा नाई.

सतराव्या शतकातल्या पास्कालचा हा डाव. त्याने तो अनंत लाभाच्या हिशोबात मांडला होता. पण कोणत्या देवावर डाव लावायचा हे त्यातून कळत नाही, आणि चुकीच्या देवाला मानल्याचा राग खऱ्या देवाला येणार नाही कशावरून? शिवाय, ठरवलं म्हणून विश्वास बसत नाही. आणि तोटा नाही हे तर आपल्या भागात कोणी म्हणूच नये. नवसाच्या कंदुरीसाठी काढलेलं कर्ज खरं असतं. गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनातून प्रश्न विचारत फिरले ते यासाठीच: कर्ज काढून सण-तेरवी करू नका, देवाच्या नावाने बकरं-कोंबडं कापू नका.

विल्यम जेम्सने १८९६ साली मांडलेली गोष्ट यापेक्षा पुष्कळ चांगली आहे. पुराव्याने निकाल लागत नाही, निवड टाळता येत नाही आणि तिच्यावर आयुष्याची दिशा अवलंबून आहे, अशा ठिकाणी मनाच्या ओढीने निवडणं अविचारी नव्हे. त्याआधी १८७७ साली डब्ल्यू. के. क्लिफर्डने उलट म्हटलं होतं. पुरेशा पुराव्याविना काहीही मानणं नेहमीच गैर, कारण आपल्या समजुतीची किंमत इतर मोजतात. जुनाट जहाज धडधाकट आहे अशी स्वतःची समजूत घालून ते प्रवाशांसकट समुद्रात सोडणारा मालक, हे त्याचं उदाहरण. मी दोघांमध्ये रेघ अशी ओढते: श्रद्धेची किंमत फक्त तुम्ही मोजणार असाल तर जेम्सचं ऐका. लेकरू, बायको, गडी किंवा मुकं जनावर मोजणार असेल तर क्लिफर्डचं.

१२. कुठलाच पुरावा पक्का नसेल तर देव मानणं अविचारी ठरलं ना?

लगेच नाही. समोरच्या माणसाला मन आहे, काल खरोखर होऊन गेला, माझी आठवण साधारण खरी आहे, यांतलं काहीच आपण सिद्ध करून मानत नाही, आणि तरी अविचारी ठरत नाही. प्लँटिंगांचं म्हणणं आहे की ईश्वरावरचा विश्वासही असाच पायाभूत असू शकतो.

मग “शेजारणीने करणी केली” हाही पायाभूत विश्वास म्हणून खपेल का? नाही. पायाभूत विश्वासावरही आक्षेप येतात, आणि आले की त्यांना उत्तर द्यावं लागतं. करणीचा दावा तपासता येतो आणि तो टिकत नाही. ईश्वरावरचा मोठा आक्षेप प्रश्न ९ मध्ये आहे. तो ऐकून, त्याचं वजन मान्य करून, त्याबद्दल काहीतरी विचार करून जो मानतो त्याला मी अविचारी म्हणणार नाही. तो ऐकूच नये म्हणून कान झाकून घेणाऱ्याला म्हणेन, मग तो कितीही शिकलेला असो.

१३. विज्ञान शिकलेल्याने देव मानावा का? संविधानात वैज्ञानिक दृष्टिकोन सांगितला आहे ना?

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधकबुद्धी वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. कलम २५ ने श्रद्धेचं स्वातंत्र्यही दिलं आहे. दोन्ही एकत्र नांदू शकतात. लमेत्रचं उदाहरण प्रश्न ५ मध्ये आलंच आहे. तपासण्याजोगा दावा आला की वैज्ञानिक दृष्टिकोन लागतो (प्रश्न ८).

१४. जादूटोणाविरोधी कायद्याने देव-देव करण्यावर बंदी आहे का?

नाही. २०१३ चा महाराष्ट्राचा हा कायदा पूजा, वारी, कीर्तन यांना हात लावत नाही. फसवणूक, छळ, नरबळी यांना तो गुन्हा ठरवतो. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हाही त्यात गुन्हा आहे. साप चावला की सरळ सरकारी दवाखाना गाठा. ईश्वराचा वाद नंतर करता येईल.

१५. देवाची भीती गेली तर माणूस मोकाट सुटणार नाही का?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी डॉ. आंबेडकरांबरोबर बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यांत जुने देव नाकारले आहेत आणि त्याच दमात चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, असंही म्हटलं आहे. त्यांची मुलं-नातवंडं आपल्याच गावांत आहेत. ती इतरांपेक्षा मोकाट सुटली आहेत का, हे प्रत्येकाने आपल्या गावाकडे बघून सांगावं.

तर्काची बाजू प्लेटोपासून चालत आली आहे. देव सांगतो म्हणून चांगलं ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देव ते सांगतो? पहिलं म्हणाल तर देवाने क्रौर्य सांगितलं असतं तर तेही चांगलं ठरलं असतं. दुसरं म्हणाल तर चांगुलपणा देवाविनाही उभा आहे.

१६. गांधीजी म्हणत सत्य हाच ईश्वर. मग सगळे नास्तिकही आस्तिकच झाले की?

“ईश्वर सत्य आहे” याकडून “सत्य हाच ईश्वर आहे” याकडे गांधीजी आले, आणि १९३१ साली लोझानला त्यांनी ते समजावून सांगितलं. सत्य तर नास्तिकही नाकारत नाही, हा त्यामागचा विचार. १९४० च्या दशकात आंध्रचे कट्टर निरीश्वरवादी गोरा सेवाग्रामला त्यांच्याकडे येऊन राहिले. गोरांनी लिहून ठेवलं आहे त्याप्रमाणे, आपली आस्तिकता बरोबर आणि गोरांची नास्तिकता चूक असं म्हणायला गांधीजी तयार नव्हते.

मोठेपणा म्हणून हे अपूर्व आहे. पण युक्तिवाद म्हणून जपून वापरा. ईश्वर म्हणजे सत्य, निसर्ग किंवा सेवा एवढंच म्हणायचं असेल तर वादच उरत नाही, आणि प्रश्न ९ ची अडचणही त्याला लागत नाही. मग मात्र त्या ईश्वराकडे पाऊस मागता येत नाही. वादात अडचण आली की “देव म्हणजे ऊर्जा” म्हणायचं आणि घरी जाऊन नवस बोलायचा, हे चालणार नाही. कोणता देव ते आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तोच धरा.

१७. घरात आजी पोथी वाचते, पोरगं नास्तिक झालं. रोज भांडण. काय करावं?

आपल्याकडे पूर्वपक्ष मांडायची जुनी रीत आहे. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडायचं, मग खोडायचं. पोराला सांगा, आजी पोथी का वाचते ते तिला पटेल अशा शब्दांत सांगून दाखव. आजीलाही तेच सांगा. बहुतेक वेळा कळतं की आजी काही सिद्ध करायला निघालेली नसते आणि पोराचा राग आजीवर नसून कोणा बुवावर असतो. घरात दुखणं किंवा सुतक असेल तेव्हा हा विषय काढू नये.

१८. ताई, तुमी सोता देव मानता का?

नाही. प्रश्न २ मधला सर्वशक्तिमान आणि दयाळू ईश्वर मी मानत नाही. कारण प्रश्न ९ मधलं. त्याचं तिसरं उत्तर तर्काने खोडता येत नाही हे मला मान्य आहे, पण त्याची किंमत मला मोजता येत नाही. बोंडअळी आणि सर्पदंश यांचा समावेश करणारं, आणि तरीही दुःख थांबवण्याच्या आपल्या कर्तव्याला धक्का न लावणारं उत्तर कोणी दिलं तर मी माझं मत पुन्हा तपासेन. वाचनालयातल्या कीर्तनकारबुवांना वाटतं की असं उत्तर आहे आणि ते भक्तीतच सापडतं. ते मला अविचारी म्हणत नाहीत आणि मीही त्यांना म्हणत नाही. लाइबनित्सच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आम्हा दोघांकडेही समाधानकारक नाही, आणि पुढच्या बैठकीला आम्ही तोच घेणार आहोत.